लहान मुलांच्या डोळ्यांभोवतीची त्वचा : लाल पापण्या, खाज आणि घरातले जुने मलम

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही वरच्या पापण्या गेले काही महिने लाल, कोरड्या आणि खरखरीत झाल्या आहेत. तो सारखा डोळे चोळतो आणि त्याच्या डोळ्यांखाली काळसर वर्तुळे दिसतात. पूर्वी अंगावरच्या इसबासाठी मिळालेले मलम पापण्यांवर लावले की दोन दिवसांत आराम पडतो, थांबवले की आठवड्याच्या आत सगळे परत येते, आणि आता नाकाच्या कडेला व खालच्या पापणीखाली बारीक लाल पुळ्या दिसू लागल्या आहेत. हे मलम चालू ठेवावे का, हा नेमका कोणता विकार आहे आणि यातून डोळ्याला धोका आहे का, असे त्या विचारतात.

उत्तराची सुरुवात मलमापासूनच करतो, कारण तातडीची बाब तीच आहे. लावले की आराम आणि थांबवले की पुन्हा तेच, असे ज्याचे वागणे असते ते मलम बहुतेक वेळा स्टिरॉइडचे असते. नळीवर बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे नाव वाचावे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी काही असेल, तर ते पापण्यांवर लावणे बंद करावे. हायड्रोकॉर्टिसोन असेल तर ते सौम्य आहे, परंतु तेही पापण्यांवर महिनोन्‌महिने लावण्याचे औषध नव्हे. काही नळ्यांत स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन औषधे एकत्र असतात. अशी मिश्रणे मुलांच्या पापण्यांवर वापरू नयेत, कारण त्यातल्या कशाने फरक पडला आणि कशाने बिघडले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. मलम बंद केल्यावर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, लाली आणि पुळ्या वाढतात. याची कल्पना नसली की घाबरून पुन्हा तीच नळी हातात घेतली जाते आणि चक्र सुरू राहते. म्हणून मलम थांबवणे आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे या दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्यात. काही मुलांत डॉक्टर मधल्या काळासाठी सौम्य औषध देऊन ते हळूहळू कमी करतात.

पापणीवर इतकी काळजी का घ्यायची, याचे कारण तिच्या रचनेत आहे. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो आणि आधार देणारी ऊती सैल असते. त्यामुळे तेथे लावलेले औषध सहज आत मुरते आणि द्रव साचायला जागा मिळाली की पापणी पाहता पाहता फुगते. डास चावून पूर्ण मिटलेली पापणी पाहून आईवडील घाबरतात ते याचमुळे, तोच डास दंडावर चावला असता तर लहानशी गांधी उठली असती. शिवाय पापणीवर लावलेले औषध पापणीवरच राहत नाही. मूल डोळे मिचकावते, चोळते, झोपेत उशीवर तोंड घासते, आणि औषधाचा काही अंश डोळ्यात उतरतो. स्टिरॉइड असे दीर्घकाळ डोळ्यात जात राहिले, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि नेत्रभिंग धूसर होऊन मोतीबिंदूही होऊ शकतो. दाब वाढला तरी सहसा दुखत नाही आणि लालीही येत नाही. लहान मूल तक्रार करत नाही आणि दृष्टीचे झालेले नुकसान भरून निघत नाही. म्हणून ज्या मुलाच्या पापण्यांवर काही आठवड्यांहून अधिक काळ स्टिरॉइड लागले आहे, त्याच्या डोळ्यातील दाब नेत्रतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना असते. आपल्या मुलालाही ती लागू आहे.

आता मूळ विकाराकडे वळू. अंगावर पूर्वी इसब होऊन गेला आहे, दोन्ही पापण्या सारख्याच कोरड्या आहेत, खाज प्रबळ आहे आणि डोळ्यांखाली काळसरपणा आहे, या चार गोष्टी एकत्र आल्या की पहिला विचार अ‍ॅटोपिक इसबाचा, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीतून होणाऱ्या इसबाचा, करावा लागतो. या विकाराच्या निदानासाठी हॅनिफिन आणि राज्का यांनी १९८० मध्ये मांडलेले निकष आजही शिकवले जातात आणि त्यांतील गौण निकषांपैकी पाच डोळ्याशी संबंधित आहेत : खालच्या पापणीखालची जादा घडी, डोळ्यांभोवतीचा काळसरपणा, डोळे वारंवार येणे, केराटोकोनस (बुबुळावरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा होणे) आणि विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू. मूल समोर बसले की मी प्रथम खालच्या पापणीकडे पाहतो. नाकाकडच्या कोपऱ्यातून निघून पापणीच्या कडेला समांतर जाणारी एक किंवा दोन ठळक रेषा दिसतात, त्याच या घड्या. त्यानंतर भुवयांचे बाहेरचे टोक पाहतो. ते विरळ झालेले असेल तर मूल तेथे रोज घासते आहे असे समजावे. वरच्या पापणीवरची त्वचा बोटाने हलकेच ताणली असता रेषा जाड आणि खडबडीत लागतात, पापण्यांचे काही केस मधेच तुटलेले दिसतात. काळसर वर्तुळांचा संबंध मात्र पुष्कळदा त्वचेपेक्षा नाकाशी अधिक असतो. सर्दी, शिंका आणि चोंदलेले नाक यांमुळे डोळ्यांखालच्या बारीक नीलांमध्ये रक्त तुंबते आणि पातळ त्वचेतून ते निळसर काळे दिसते. अशा मुलाच्या नाकाच्या अ‍ॅलर्जीवर उपचार केल्याशिवाय कोणत्याही क्रीमने ती वर्तुळे जात नाहीत.

येथे एक प्रश्न विचारायचा राहून जातो आणि तो मुलालाच विचारायला हवा : खाज कुठे येते, पापणीवर की डोळ्याच्या आत? सहा वर्षांचे मूल याचे उत्तर बोटाने दाखवून अचूक देते. आत खाज येत असेल, डोळ्यांतून चिकट, दोऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव येत असेल, उजेड सहन होत नसेल आणि उन्हाळ्यात त्रास वाढत असेल, तर तो व्हर्नल प्रकारचा अ‍ॅलर्जिक नेत्रदाह असू शकतो. हा विकार मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळतो, शाळकरी वयात सुरू होतो आणि बहुतेकांत वयात येण्याच्या सुमारास ओसरतो. त्यात वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला मोठे उंचवटे येतात. ते पापणी उलटवून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, ते घासत राहिले तर जखम होते. अशा मुलाच्या पापणीवर कितीही मलम लावले तरी चोळणे थांबत नाही, कारण दुखणे डोळ्यात असते. आणि चोळणे ही गोष्ट मी किरकोळ मानत नाही. बोटांच्या पेरांनी वर्षानुवर्षे जोरात डोळे चोळणाऱ्या मुलांत केराटोकोनसचा धोका वाढतो. या विकारात कॉर्निया पातळ होऊन पुढे शंकूच्या आकाराचा होतो, चष्म्याचा तिरपा नंबर दर काही महिन्यांनी बदलतो आणि दृष्टी चष्म्यानेही पुरती सुधारत नाही. चोळू नकोस असे ओरडून मूल थांबत नाही. खाज शमवणारे थेंब वेळेवर मिळाले की ते आपोआप थांबते. थेंब कोणते, हे नेत्रतज्ज्ञांनी ठरवावे. त्यांतही स्टिरॉइडचे थेंब असतात आणि ते देखरेखीशिवाय घालू नयेत.

पापणीवरच्या अ‍ॅटोपिक इसबाचा उपचार अवघड नाही, पण चिकाटीचा आहे. चेहरा कोमट पाण्याने धुवावा, पापण्यांना साबण लावू नये, टॉवेलने घासण्याऐवजी टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच सुगंधविरहित साधे पेट्रोलियम जेली प्रकारचे मलम लावावे. दाह जास्त असेल तेव्हा डॉक्टर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन पाच ते सात दिवसांपुरते देतात. प्रत्येक पापणीला टाचणीच्या डोक्याएवढे मलम पुरते आणि ते पापणीच्या कडेपासून थोडे दूर ठेवायचे असते. त्यानंतर, किंवा त्रास वारंवार उलटत असेल तर सुरुवातीपासूनच, टॅक्रोलिमस हे मलम दिले जाते. ते स्टिरॉइड नाही, त्याने त्वचा पातळ होत नाही आणि डोळ्यातील दाब वाढत नाही, म्हणून पापण्यांसाठी ते विशेष उपयोगी आहे. दोन वर्षांवरील मुलांसाठी त्याची ०.०३ टक्के तीव्रता वापरतात. पहिले तीन-चार दिवस लावल्यावर थोडा वेळ चुरचुरते, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते डोळे घट्ट मिटून पळते. त्वचा निवळल्यावर काही महिने आठवड्यातून दोन वेळा ते लावत राहिल्यास विकार उलटण्याचे प्रमाण कमी होते. या औषधाच्या वेष्टनावर कर्करोगाबद्दलची सूचना असते आणि ती वाचून पालक साहजिकच बिचकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये ही सूचना लागू केली. प्राण्यांवरील प्रयोग आणि पोटातून मोठ्या मात्रेत घेतल्या जाणाऱ्या औषधाचा अनुभव तिच्यामागे होता. पापणीवर लावल्या जाणाऱ्या इवल्याशा मात्रेची तुलना त्याच्याशी करता येत नाही. मी हे मलम मुलांना निःशंकपणे देतो, मात्र पापणीवर पाण्याचे फोड किंवा ओल्या जखमा असतील तर ते लावू नये.

स्टिरॉइडविषयी इतके लिहिल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. भीतीपोटी औषधच न लावणारे पालकही पुष्कळ असतात. त्यांचे मूल रात्रभर खाजवते, झोप मोडते, पापण्यांना चिरा पडतात आणि त्यांतून जंतू शिरतात. योग्य तीव्रतेचे स्टिरॉइड योग्य दिवसांपुरते लावणे हा उत्तम उपचार आहे. हानी होते ती तीव्रता न पाहता, मुदत न ठरवता आणि पुन्हा न दाखवता लावल्याने.

आपल्या मुलाच्या नाकाच्या कडेच्या आणि पापणीखालच्या पुळ्यांची गोष्ट वेगळी आहे. माझ्या मते तो इसब नसून पेरिओरिफिशियल डर्मॅटायटिस असण्याची शक्यता मोठी आहे. यात तोंड, नाक आणि डोळे यांच्याभोवती एक-दोन मिलिमीटरच्या, एकसारख्या, लाल किंवा त्वचेच्याच रंगाच्या पुळ्या येतात, त्यांवर थोडा कोंडा असतो, आणि ओठांच्या कडेलगतची अरुंद पट्टी मात्र स्वच्छ राहते. खाज असते, पण इसबाइतकी नाही. चेहऱ्यावर लावलेले स्टिरॉइड हे याचे सर्वांत परिचित कारण आहे. दम्यासाठी मास्कमधून स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांतही तो दिसतो, कारण मास्क सैल बसला की औषधाचा फवारा नाकाच्या कडेने डोळ्यांकडे जातो. अशा मुलांचे दम्याचे औषध बंद करू नये, मास्क नीट बसवावा आणि प्रत्येक वेळेनंतर चेहरा धुवावा. उपचार म्हणजे चेहऱ्यावरचे स्टिरॉइड बंद करणे, अनावश्यक क्रीम कमी करणे आणि गरजेनुसार मेट्रोनिडाझोलसारखे लावण्याचे औषध किंवा पोटातून एरिथ्रोमायसिन घेणे. मोठ्यांना दिली जाणारी टेट्रासायक्लिन गटातील औषधे आठ वर्षांखालील मुलांना यासाठी देत नाहीत, कारण वाढत्या दातांवर कायमचे डाग पडतात. पुळ्या पूर्ण जायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बरे झाल्यावर बहुधा व्रण राहत नाहीत.

इसबासारख्याच दिसणाऱ्या आणखी एका विकाराची चौकशी करावी लागते, तो म्हणजे स्पर्शातून होणारी अ‍ॅलर्जी. पापणीवर अ‍ॅलर्जी दिसली म्हणून अ‍ॅलर्जीचा पदार्थ पापणीलाच लावलेला असतो असे नाही. नखांचा रंग, हाताने मळायचे चिकट खेळणे, केसांचे तेल किंवा शाम्पू, तोंड पुसायचे ओले रुमाल यांतील घटक हाताने किंवा ओघळून पापणीपर्यंत पोहोचतात, आणि जाड त्वचेच्या तळहातावर काहीच न होता पातळ पापणी तेवढी सुजते. ओल्या रुमालांतील मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक यासाठी चांगलेच बदनाम आहे. पोहण्याच्या चष्म्याच्या रबराची अ‍ॅलर्जी असेल तर डोळ्यांभोवती गोलाकार, चष्म्याच्या कडेइतकीच लाली उमटते. निओमायसिन असलेले थेंब, किंवा मायोपिया, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याचा दोष, वाढू नये म्हणून दिले जाणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, यांचीही अ‍ॅलर्जी येते आणि ती बहुधा खालच्या पापणीवर, थेंब ओघळतो त्या वाटेवर, जास्त दिसते. एकच पापणी वारंवार सुजत असेल किंवा योग्य उपचारांनीही फरक पडत नसेल, तर पाठीवर पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून पाहण्याची चाचणी, करून घ्यावी.

पापणीच्या कडेचे विकार त्वचेच्या विकारांपासून वेगळे ओळखावेत. केसांच्या मुळांशी कोंडा, सकाळी चिकटलेल्या पापण्या आणि लालसर कड असेल तर तो ब्लेफरायटिस. दुखरी, लाल पुळी म्हणजे रांजणवाडी, आणि न दुखणारी, टणक, वाटाण्याएवढी गाठ म्हणजे कलेझियन. दोन्हींसाठी प्रथम कोमट शेक द्यावा : स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून, उष्णता आपल्या मनगटावर तपासून, पाच ते दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. कापड मिनिटभरातच गार होते, म्हणून ते पुनःपुन्हा भिजवावे लागते. एकदाच ठेवून सोडलेल्या कापडाचा काही उपयोग होत नाही. रांजणवाडी दाबून फोडू नये. कलेझियन जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि बहुतेक मुलांत शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. परंतु एका मुलाला एकामागून एक अशा गाठी येत असतील, सोबत डोळा लाल राहत असेल आणि उजेडाकडे पाहवत नसेल, तर तो मुलांमधील रोझेशियाचा, म्हणजे एरवी गाल लाल करणाऱ्या दाहाच्या विकाराचा, प्रकार असू शकतो. त्यात कॉर्नियावर व्रण पडू शकतो आणि गाल स्वच्छ असले तरी डोळा बाधित असू शकतो. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके आणि केसांना चिकटलेले पांढरे कण दिसले, तर भिंगातून पाहावे, त्या उवा आणि लिखा असू शकतात. डोक्यातील उवांचे औषध डोळ्यांजवळ कधीही लावू नये. जाड पेट्रोलियम मलम दिवसातून काही वेळा आठ-दहा दिवस लावून, चिमट्याने त्या काढाव्या लागतात. पापण्यांतील उवा सहसा डोक्यातल्या जातीच्या नसतात, मोठ्या माणसाच्या निकट सहवासातून येणाऱ्या जातीच्या असतात. म्हणून घरातील सर्वांची तपासणी होते आणि मुलाच्या सुरक्षिततेविषयी डॉक्टर काही प्रश्न विचारतात. ते प्रश्न विचारणे त्यांचे कर्तव्यच आहे.

संसर्गांपैकी मोलस्कम हा निरुपद्रवी असला तरी फसवा आहे. मोत्याच्या रंगाची, मध्यभागी खळगा असलेली लहान गाठ पापणीच्या केसांत दडून बसते, तिच्यातील विषाणूयुक्त कण डोळ्यात झडत राहतात, आणि मुलाचा एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो. थेंब बदलत राहण्याऐवजी ती एक गाठ काढली की डोळा निवळतो. डोळ्यापासून दूर असलेल्या गाठी साधारण सहा ते अठरा महिन्यांत आपल्या आपण जातात. मधाच्या रंगाच्या खपल्या दिसल्या तर तो इंपेटिगो, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. प्रतिजैविकाने तो लवकर बरा होतो.

नागिणीच्या गटातील विषाणू मात्र दिरंगाई सहन करत नाहीत. लाल पायावर पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका पापणीवर दिसला, तर तो हर्पिस सिम्प्लेक्स समजून त्याच दिवशी दाखवावे. अशा पापणीवर स्टिरॉइड लावले गेले तर विषाणूला मोकळे रान मिळते आणि तो कॉर्नियापर्यंत पोहोचल्यास दृष्टी जाण्याची भीती असते. इसब असलेल्या मुलात याचे उग्र रूप दिसते. नेहमीच्या इसबाच्या जागी अचानक वेदना सुरू होतात, ताप येतो आणि एकाच मापाचे, गोल, काठ कापल्यासारखे खड्डे उमटतात. इसब वाढला असे वाटते, पण इसबाच्या जखमा वेड्यावाकड्या असतात आणि या जखमा एकसारख्या असतात. हा फरक डोळ्यांत साठवून ठेवावा. याला एक्झिमा हर्पेटिकम म्हणतात. त्यासाठी असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध तातडीने सुरू करावे लागते, पुष्कळदा रुग्णालयात. कपाळाच्या एकाच बाजूला आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले असतील तर ती नागीण असून डोळ्यातही असण्याची शक्यता बळावते.

एकाच डोळ्याची पापणी लाल, गरम आणि दुखरी होऊन ताप आला, तर प्रश्न असा असतो की संसर्ग पापणीतच आहे की डोळ्याच्या खोबणीत उतरला आहे. नाकाच्या बाजूची सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते आणि सर्दीनंतरचा सायनसचा संसर्ग ते सहज ओलांडतो. पापणी हलकेच उघडून पाहावी. डोळा पांढरा असेल, सगळ्या दिशांना न दुखता फिरत असेल आणि मुलाला नीट दिसत असेल तर संसर्ग बहुधा वरवरचा आहे, तरीही त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. डोळा फिरवताना दुखणे, डोळा पुढे आलेला दिसणे, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे, किंवा मूल मलूल होऊन उलट्या करणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर सकाळची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. अशा वेळी शिरेतून औषधे, सीटी स्कॅन आणि कधी शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाला तर संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

तान्ह्या बाळांविषयी थोडे स्वतंत्र लिहितो, कारण तेथे वेळेला फार महत्त्व आहे. जन्मतः वरच्या पापण्यांवर आणि कपाळाच्या मध्यभागी दिसणारे, रडल्यावर गडद होणारे फिकट गुलाबी डाग एक-दोन वर्षांत पुसट होतात आणि त्यांना काहीही करावे लागत नाही. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागलेला आणि रोज फुगणारा लाल ठिपका मात्र हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असतो. तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत वेगाने वाढतो. पापणीवरचा हिमँजिओमा डोळा झाकत नसला तरी बुबुळावर दाब देऊन तिरपा नंबर निर्माण करतो आणि मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. असा आळशी झालेला डोळा नंतर सुधारणे कठीण असते. 'वय वाढले की आपोआप जाईल' हा सल्ला इतर ठिकाणच्या लहान हिमँजिओमासाठी ठीक आहे, पापणीसाठी नाही. फ्रान्समधील बोर्दो येथे लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलोल दिलेल्या बाळाचा हिमँजिओमा झपाट्याने मऊ होताना पाहिला आणि २००८ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हापासून या विकाराचे उपचारच पालटले. हे औषध दूध पाजल्यावरच द्यायचे असते आणि बाळ नीट पीत नसेल त्या दिवशी थांबवायचे असते, कारण रक्तातील साखर घसरू शकते. जन्मापासून असलेला, कपाळ आणि वरच्या पापणीच्या एका बाजूवर पसरलेला गडद तांबडा सपाट डाग हा वेगळा विकार आहे. तो पुसट होत नाही, त्याच्यासोबत काचबिंदू आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांचा दोष असू शकतो, म्हणून नवजात अवस्थेतच डोळ्याचा दाब तपासावा लागतो. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी हाताला लागणारी, न दुखणारी टणक गाठ बहुधा डर्मॉइड सिस्ट, म्हणजे जन्मजात पिशवीसारखी गाठ, असते आणि सवडीने काढता येते, परंतु नाकाच्या मध्यरेषेवर अशी गाठ असेल तर आधी स्कॅन व्हावाच, कारण तिचे मूळ कवटीच्या आत असू शकते. अश्रुनलिका बंद असल्याने सतत पाणी येऊन खालच्या पापणीची त्वचा सोलपटत असेल, तर नाकाच्या मुळाशी खालच्या दिशेने मालीश करावे. बहुतेक बाळांत वर्षाच्या आत नलिका उघडते.

शेवटी अशा खुणा, ज्या डोळ्यांभोवती दिसतात पण विकार दुसरीकडे असतो. सकाळी दोन्ही पापण्या सुजलेल्या, दिवस चढेल तशी सूज उतरणारी, खाज नाही आणि लालीही नाही, अशा मुलाला अ‍ॅलर्जीचे औषध आठवडेच्या आठवडे दिले जाते आणि प्रत्यक्षात तो नेफ्रॉटिक सिंड्रोम निघतो, ज्यात मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जातात. लघवीची एक साधी तपासणी हे काही मिनिटांत सांगते. खाजेशिवाय सुजणाऱ्या पापण्यांसाठी ती मी नेहमीच करायला लावतो. वरच्या पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या पेरांवर लालसर उंचवटे आणि जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना मुलाला लागणारा आधार, ही त्रयी ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिसची, म्हणजे मुलांत त्वचा आणि स्नायू यांना होणाऱ्या दाहाची, आहे. मार लागलेला नसताना डोळ्यांभोवती काळेनिळे डाग उमटले आणि मूल फिकट, चिडचिडे दिसू लागले, तर न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांतील कर्करोगासारख्या गंभीर आजाराचा शोध घ्यावा लागतो. मात्र जोरात उलटी किंवा खोकला झाल्यावर पापण्यांवर आलेले बारीक लाल ठिपके, मूल एरवी ठणठणीत असेल आणि ठिपके चेहऱ्यापुरतेच असतील तर, काही दिवसांत जातात.

आपल्या मुलासाठी माझा सल्ला असा की त्वचारोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावे. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सर्व नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, सोबत न्याव्यात, आणि पापण्या सर्वाधिक लाल असताना दिवसाच्या उजेडात काढलेले एक-दोन फोटो ठेवावेत, कारण तपासणीच्या दिवशी त्वचा नेमकी शांत असते. नेत्रतज्ज्ञांना स्टिरॉइड किती आठवडे लागले ते स्पष्ट सांगावे, म्हणजे ते दाबाबरोबर नेत्रभिंगही तपासतील आणि पापणी उलटवून पाहतील. दाबाचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. तो वाढलेला आढळला तर स्टिरॉइड थांबल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा मोजावा लागतो, आणि त्या वेळी तुलना करायला पहिला आकडा हाताशी असावा लागतो.